आबांचं अपुरं विमान

मे महिन्यात धुळ्यात जो माणूस खोलीत पंखा लावत नाही, त्याला लोक एक तर साधू म्हणतील नाही तर वेडा. आमचे आबा दोन्ही नव्हते. खोलीत विमान आहे, एवढंच त्यांचं कारण होतं. जळगावहून बदली होऊन मी देवपुरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. पहिल्याच दुपारी घाम पुसत विचारलं, "आबा, पंखा बिघडलाय का?" टेबलावरून मान न उचलता ते म्हणाले, "पंखा चांगला आहे. वारं नको. त्या दिवशी काय कमी वारं होतं?" मला काही कळलं नाही. मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, माझ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या टेबलाच्या कडेला जरा जोरातच टेकवला आणि त्या आत निघून गेल्या.

हळूहळू सगळं समजलं. त्यांचा एकुलता एक प्रमोद हवाई दलात तंत्रज्ञ होता. एका सकाळी तो ज्या मालवाहू विमानात चढला, ते पूर्वेकडच्या डोंगरांवरून जाताना नाहीसं झालं. शोध झाला, पण ना विमान सापडलं, ना माणसं. असा बेपत्ता माणूस असेल तर आपल्याकडे बारा वर्षं वाट पाहतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तशी बारा वर्षं उलटून गेली होती. मावशींचं एकच मागणं होतं, आपले डोळे मिटायच्या आधी पोराला पाणी मिळावं. आबा नाही म्हणत नसत. "विमान पूर्ण होऊ दे, मग करू," म्हणत. आणि विमान काही पूर्ण होत नव्हतं.

विमान म्हणजे प्रमोदच्या विमानाची हातभर लांबीची प्रतिकृती. प्लास्टिकचे भाग मुंबईहून मागवलेले. डब्यात आलं तसं जोडलं असतं तर महिन्याभरात उभं राहिलं असतं. पण आबांचं म्हणणं, "डब्यातलं विमान कोणाचंच नसतं. ज्यात कोणी बसलंय, ते विमान वेगळं." म्हणून मग खऱ्या विमानाचा पत्रा जोडणाऱ्या रिवेटांच्या ओळी. मोडक्या घड्याळातलं दातेरी चाक ब्रशाच्या दांडीत बसवून, श्वास रोखून, प्रत्येक सांध्यावरून ते फिरवायचे. मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी ऊन करून ओढली की केसासारखी तार निघते, ती पाठीवर अँटेना म्हणून ताणायची. इंजिनामागे दिव्याची काजळी बोटानं घासायची. आबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली होती. गाडी कुठं झिजते ते त्यांना पाठ होतं.

त्या सवयीनंच एकदा घोटाळा केला. विमान वापरातलं दिसावं म्हणून आबांनी पोटाला खालून धूळ मारली, दाराजवळचा रंग खरवडला, मागच्या भागावर चिखलाचे शिंतोडेसुद्धा उडवले. सुट्टीवर अमळनेरला आलेला प्रमोदचा हवाई दलातला एक जोडीदार भेटायला आला होता. त्यानं विमान हातात न घेता वाकून पाहिलं आणि हसूच फुटलं त्याला. "आबा, ही तर धुळे-शहादा एसटी झाली! आमच्याकडे विमान धुऊनपुसून ठेवतात हो. कंडक्टर लोंबकळत नाही त्याला." मीही हसलो. मला वाटलं, आबा खट्टू होतील. कसले खट्टू होतात! गडी असा खुलला की विचारू नका. म्हणाले, "म्हणजे सगळं धुऊन परत करायला हवं." पुढचे कित्येक महिने त्यांना काम मिळालं होतं. मी मावशींकडे पाहिलं. त्या पाहुण्यासाठी चहा गाळत होत्या, आणि निम्मा चहा कपाबाहेर चालला होता.

मावशी विमानाच्या खोलीत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "तुमनं इमान कव्हय व्हई पुरं?" कधी होईल पुरं? आबांचं ठरलेलं उत्तर, "थोडंसंच ऱ्हायनं शे वो." थोडंसंच राहिलंय. त्या दोघांचं अहिराणीतलं हे बोलणं मी जिन्यात इतक्या वेळा ऐकलं, की पुढे पुढे मला राग यायला लागला. विमानाचा नाही, त्या 'थोडंसंच'चा. अहो, चाकाच्या नटावर खूण काढायला माणूस पंधरवडा लावतो, तेव्हा त्याला ते संपवायचंच नसतं, हे काय मला कळत नव्हतं? आणि मावशींना तर माझ्याआधी कळलं होतं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आबा, सगळं केलंत, पण आत माणसं नाहीत. बारकी माणसं मिळतात, मागवू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून आलो होतो. "माणसं नाही करायची. आपण जागा करायची. माणसं आपापली येतात."

त्यानंतर दिवेलागणीला कचेरीतून येताना त्या खिडकीकडे बघायचं मी टाळायचो. कारण तेव्हा आबा विमानाच्या आतला मोहरीएवढा दिवा लावायचे आणि त्या गोल गोल खिडक्या पिवळ्या व्हायच्या. एका संध्याकाळी त्यांनी हाक मारून मला आत बोलावलं. "जळगाववाले, कान लावा इथं. बोलताहेत का बघा." मी विमानाच्या पोटाला कान लावला. ऐकू काहीच आलं नाही, आणि खरं सांगतो, कान काढावासाही वाटेना. मी शिकलासवरलेला माणूस, सकाळ-संध्याकाळ फायली तपासणारा! पण मीही श्वास रोखून उभा होतो. "नाही, आबा," मी म्हटलं. "झोपले असतील," ते म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर मावशींनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. महिन्याभरानं दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या. त्या दुपारी मी औषधं द्यायला खाली गेलो, तर मावशी चक्क विमानाच्या खोलीत, आबांच्या समोरच्या स्टुलावर बसलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा. "काय ऱ्हायनं शे?" त्यांनी विचारलं. आबा गडबडले. मग म्हणाले, आसनांचे पट्टे. बोटं थरथरतात म्हणून तेवढे बाकी होते. मावशींनी माझ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेतलं, मागचा चांदीचा कागद सोलला आणि ब्लेडनं त्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या कापायला सुरुवात केली. वाती वळून वळून बोटं हलकी झालेली. एकही पट्टी वाकडी गेली नाही. आबा चिमट्यानं एकेक पट्टी उचलून आसनावर चिकटवत होते, आवळून बांधलेली. तोंडानं सांगतही होते, "हवेत आहे ना अजून. पट्टा बांधलेलाच असणार."

शेवटचं आसन राहिलं. खिडकीजवळचं. ते कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. आबांनी पट्टी उचलली आणि मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"हाऊ पट्टा सोडेल ठेवा," त्या म्हणाल्या. "उतरू द्या आते त्याले."

आबांचा हात तसाच अधांतरी राहिला. शेवटी त्यांनी ती पट्टी आसनाच्या दोन्ही बाजूंना मोकळी सोडून चिकटवली, विमानाचं छत बसवलं आणि सांध्यावरून डिंकाचा ब्रश फिरवला. आता आतलं काहीही बदलता येणार नव्हतं. मग टेबलावर डोकं टेकून आबा रडले. एवढ्या वर्षांत प्रथमच, असं मावशींनी मला नंतर सांगितलं.

पौष सरल्यावर मी माझ्या गाडीतून दोघांना मुडावदला नेलं. तिथं पांझरा तापीला मिळते. गुरुजींनी वाळूवर पळसाची पानं आणि दर्भ मांडून पुतळा तयार केला. डोक्याच्या जागी नारळ, अंगावर पांढरं वस्त्र. मावशी माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या. गुरुजींनी आबांना पुढे बोलावलं. आबा गेले, पण विस्तव घेण्याऐवजी पुतळ्याजवळ गुडघे टेकून बसले. त्यांनी चष्मा नीट केला. अंगठ्याच्या नखानं नारळावर, डाव्या डोळ्याच्या जरा वर, एक बारीक आडवी रेघ ओढली. प्रमोद लहानपणी ओट्यावरून पडला होता, त्याची ती खूण.

"आबा," गुरुजी हळूच म्हणाले, "जाळायचंच आहे आता."

"हो," आबा म्हणाले, "पण तो ओळखू यायला पाहिजे." आणि त्या रेघेवरून नख परत एकदा फिरवून त्यांनी विस्तवासाठी हात पुढे केला.