दोनशे चौदा चुका

सात आठवड्यांत काकूंनी दोनशे चौदा चेंबर तयार केले आणि कारखान्याच्या नोंदीनुसार त्यांतले दोनशे चौदाही चुकवले. एखाद्या माणसाचं दहातलं एक काम चुकतं, फार तर दोन. दहातली दहा चुकवणाऱ्या बाईला तेवीस वर्षं कामावर ठेवलं कसं, हा प्रश्न कोणाला तरी पडायला हवा होता. चुकांची यादी काढणाऱ्याला तो पडला नाही, यादीवर सही करणाऱ्यालाही नाही. फलकावर ती चिकटवणारा फक्त डिंक लावत होता, त्याला दोष देता येणार नाही.

कारखाना सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी काँक्रीटचे चेंबर बनवतो. माणूस उभा उतरेल एवढी गोल टाकी, तिच्या भिंतीला दोन-तीन मोठी भोकं आणि त्या भोकांतून जाणारे पाइप. पाइप आणि काँक्रीट यांच्या मधून पाणी झिरपू नये म्हणून भोकात जाड रबरी बाही बसवतात. ती जागेवर धरून ठेवतो एक पोलादी पट्टा. बांगडीसारखा गोल, पण एका जागी कापलेला. तो बाहीच्या आत ठेवायचा, कापलेल्या टोकांमध्ये जॅक लावायचा आणि टोकं एकमेकांपासून दूर सारत न्यायची. पट्टा पसरतो, रबर काँक्रीटवर दाबलं जातं, पट्ट्याची जीभ एका खाचेत पडते आणि टक् असा आवाज येतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम.

काकूंना तसं वाटत नाही. त्या या कारखान्यात आल्या साचे धुणारी म्हणून. चार वर्षांनी म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांना आपल्या टेबलावर घेतलं, कारण संधिवाताने त्याची बोटं वळेनाशी झाली होती आणि काकूंचा हात बाहीच्या घडीत सहज शिरायचा. मिस्त्री सांगायचा, नुकतं दाबलेलं रबर नव्या पाहुण्यासारखं असतं. पहिला अर्धा तास अवघडून बसतं, मग अंग सोडतं. म्हणून अर्ध्या तासाने परत यायचं आणि पुन्हा जॅक लावायचा. पट्टा आणखी एक खाच घेतो. थंडीच्या सकाळी हटकून दोन. हा दुसरा फेरा मारला नाही, तर चेंबर जमिनीत गेल्यावर बाही हळूहळू पाझरू लागते. ते पाणी कशाचं असतं आणि शेजारून कुठला नळ गेलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

एकोणीस वर्षं काकूंनी दुसरा फेरा मारला. चेंबरवर खडूने वेळ लिहायची, पुढच्या चेंबरला लागायचं आणि अर्धा तास झाला की मागे यायचं. त्यांचा एकही चेंबर गळतो म्हणून परत आला नाही. गंमत म्हणून सगळे त्यांना फेरेवाल्या काकू म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग नवे जॅक आले. बॅटरीवर चालणारे, पडद्याला जोडलेले. चेंबरचा क्रमांक टाकल्याशिवाय जॅक हलत नाही, ठरलेल्या दाबाला आपोआप थांबतो आणि थांबला की पडद्यावर ‘काम पूर्ण’ असं उमटतं. जुने हाताचे जॅक गोळा करून कोठारात कुलूपबंद झाले. काकूंनी पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाने एका चेंबरचा क्रमांक पुन्हा टाकला, तेव्हा पडद्याने विचारलं: ‘दुरुस्ती. चूक कोणाची?’ खाली तीन पर्याय होते. माल, यंत्र, कामगार. एक दाबल्याशिवाय जॅक सुरू होईना.

त्यांनी सुपरवायझरला हाक मारली. “यात माझं उत्तर नाहीये.”

“काहीही दाबा हो काकू, आणि पुढे जा. कोण बघतंय?”

काहीही दाबणं काकूंना जमलं नाही. ‘माल’ दाबलं की रबराच्या खोलीतल्या बायकांना बोलणी बसणार, आणि रबर तर चांगलं होतं. ‘यंत्र’ दाबलं की मेकॅनिकची हजेरी घेतली जाणार, आणि यंत्र नीट चालत होतं. दुसरा फेरा मारायचं ठरवलं होतं त्यांनी स्वतः. त्यांनी ‘कामगार’ दाबलं. त्या दिवशी पाच वेळा दाबलं, दुसऱ्या दिवशी सहा वेळा. खोटं न बोलण्याचा तेवढाच मार्ग त्या पडद्याने शिल्लक ठेवला होता, आणि पुढे तोच त्यांच्या गळ्याशी आला.

सात आठवड्यांनी यादी लागली. पहिला नंबर दुसऱ्या टेबलावरच्या फिटरचा. त्याला सगळे एक्स्प्रेस म्हणतात. दुरुस्त्या शून्य. शेवटचा नंबर काकूंचा. एक्स्प्रेस फलकासमोरून सरळ त्यांच्याकडे आला.

“काकू, मी पहिला आलोय खरा, पण माझ्या घरासमोर चेंबर बसवायचा झाला तर तुमचाच बसवीन.”

“मग तू का नाही मारत फेरा?”

“मला शेवटचा नंबर परवडत नाही. दोन पोरं शाळेत आहेत.” त्याने हे खाली बघून सांगितलं.

संध्याकाळी काकूंनी घरी सांगितलं. यजमान बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. थोरल्या नणंदबाई याच घरात राहतात आणि त्यांच्या जिभेला निवृत्ती नाही.

“म्हणजे तूच दाबलंस, चूक माझी म्हणून?” यजमानांनी विचारलं.

“दुसरं काय दाबणार होते?”

“अगं, दुसऱ्याच्या नावावर ढकलायचं. सगळं जग तेच करतं.” नणंदबाई मेथी नव्हे, शर्टाच्या गुंड्या निवडत बसल्या होत्या, घरबसल्या शिलाईचं काम करतात. “माझ्या भावाने पस्तीस वर्षं बस चालवली. चारदा ठोकली. एकदा तरी म्हणाला का, चूक माझी?”

“ताई, तीनदा,” यजमान म्हणाले.

“बघ, अजून कबूल करत नाही. शीक काहीतरी.”

“वन्सं, पण रबर चांगलं होतं हो,” काकू म्हणाल्या. त्यावर नणंदबाईंनी दोरा तोडला आणि भावाकडे असं पाहिलं, की ही बाई तूच घरात आणलीस.

गुरुवारी साहेबांचं बोलावणं आलं.

“बसा काकू. तुमच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही.”

“मग हे काय आहे?”

“तुमचीच नोंद आहे. मी एक अक्षर लिहिलेलं नाही. हे बघा, चूक कोणाची? कामगाराची. दोनशे चौदा वेळा. बोट तुमचं.”

“चौथा पर्याय असता तर तो दाबला असता.”

“कुठला चौथा?”

“चूक झालेलीच नाही.”

साहेब हसले. “चूक नव्हती तर झालेलं काम पुन्हा उघडलंत कशाला?”

काकूंनी रबराचं सगळं सांगितलं. साहेबांनी फोन पालथा ठेवून पाच मिनिटं ऐकलं, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. मग म्हणाले, “पण नवा जॅक बरोबर ठरलेल्या दाबाला थांबतो. अंदाजाचा प्रश्नच नाही.”

“थांबतो ना. अर्ध्या तासाने तोच जॅक, तोच दाब लावा. पट्टा एक खाच पुढे जातो. मध्ये काहीतरी सैल झाल्याशिवाय जाईल का?”

साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर दोन वाक्यं होती. माझ्याकडून २१४ चुका झाल्या हे मला मान्य आहे. यापुढे पूर्ण झालेलं काम मी पुन्हा उघडणार नाही. सही केली तर टेबल राहील, नाहीतर सोमवारपासून साचे धुवायला.

“यार्डात माझे अकरा चेंबर उभे आहेत,” काकू म्हणाल्या. “पाणी भरून बघा.”

“पाण्याची चाचणी पन्नासात एकाची. या महिन्याची झाली. आणि गरज काय? तुम्ही स्वतःच कबूल केलंय.”

काकूंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा घडी करून ठेवला. “यातला एक गळका दाखवा, त्या एकावर सही करते. दोन दाखवा, दोनवर करते. घाऊक सही करायची नाही.”

सोमवारी त्या साचे धुवायला गेल्या. वय चौपन्न, हातात तारेचा ब्रश, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. तेवीस वर्षांपूर्वी त्या ज्या हौदापाशी उभ्या होत्या, त्याच हौदापाशी. त्यांच्या टेबलावर दुसरा फिटर आला.

पण कागदावर सही नव्हती आणि सहीशिवाय प्रकरण बंद होत नव्हतं. कारकून दोनदा हौदापाशी येऊन गेला. काकूंनी दोन्ही वेळा तेच सांगितलं, एक दाखवा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम दिला, भरा ते अकरा, एखादा तरी गळेलच. बाई खरी आहे का हे बघायला ज्या कारखान्याकडे पाणी नव्हतं, त्याला ती खोटी आहे हे दाखवायला दिवसभर होज मिळाला. बाह्यांमध्ये बंद तोंडाचे पाइप घातले, चेंबर काठोकाठ भरले, पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली आणि वर ताडपत्री घातली.

दोन दिवसांनी दहा चेंबरमध्ये पाणी रेघेला होतं. अकराव्यात बोटभर उतरलेलं बघून कारकून धावत सुटला. मेकॅनिकने वाकून पाहिलं. बंद पाइपाच्या टोपणातून थेंब पडत होता. टोपण घट्ट केलं, पुन्हा भरलं, पाणी जागेवर राहिलं.

यातलं काहीही कुठे लिहिलं गेलं नाही. चाचणी महिन्याच्या ठरलेल्या संख्येत बसत नव्हती, म्हणून ती झालीच नाही. साहेबांनी सुपरवायझरच्या तोंडी निरोप पाठवला.

“सहीचं राहू द्या म्हणालेत. टेबलावर परत या. फक्त तो फेरा मारू नका.”

“आणि त्या दोनशे चौदा?”

“त्या काढता येत नाहीत हो. पण कोण बघतंय?”

“हे तू मला पहिल्या दिवशीही म्हणाला होतास,” काकू म्हणाल्या. “फेरा मारू द्या, मग येते.”

तो निघून गेला. आता दोन्ही टेबलांवर प्रत्येक पट्टा एकदाच टक् करतो. गाड्या भरून जातात, चेंबर जमिनीत उतरतात, वर माती पडते. यादीवर सगळ्यांच्या दुरुस्त्या शून्य आहेत.

ते अकरा चेंबर विकले गेले, तेव्हा गाडीत चढवण्याआधी त्यांतलं पाणी काढणं भाग होतं. पाणी काढणं हे साचे धुणाऱ्यांचं काम. काकूंनी पंप लावला आणि एकेक चेंबर रिकामा करत गेल्या. प्रत्येक ठिकाणी गुडघ्यावर बसून त्या भिंतीच्या बाहेरून, बाहीखालच्या काँक्रीटवरून हात फिरवत आणि तळवा डोळ्यांसमोर धरून बघत. कारकून यादी घेऊन मागे उभा होता. गाडीवाल्याला घाई होती.

“काय बघताय काकू?”

“चूक शोधतेय,” काकू म्हणाल्या, आणि कोरडा तळवा त्याला दाखवून पुढच्या चेंबरकडे गेल्या.