थंडी मशीन

लग्नसराईत लाउडस्पीकरवाल्याकडे दोन गोष्टी साचतात : जळालेले ट्रान्झिस्टर आणि किस्से. ट्रान्झिस्टर फेकून देता येतात!

ऐंशीच्या दशकात मी मद्रासहून इंजिनिअर होऊन लाखनीला परतलो. डोक्यात एकच वेड : तापून जळणार नाही असा ॲम्प्लिफायर. बाबा म्हणाले, "तुही मशीन एक लग्नसराई टिकली, तर राहा इथं. नाही तर मुंबईची नोकरी पकड." मी पैज स्वीकारली, ॲम्प्लिफायर बनवला आणि लाउडस्पीकरवाल्या वामनभाऊंकडे नेला.

"कोणती मशीन हे?" भाऊंनी विचारलं.

"क्लास डी."

भाऊंचा चेहरा पडला. "चौथ्या वर्गाची काहून बनवली बापा? एवढा शिकून आला, पहिल्या वर्गाची बनवाची ना!"

*

मी समजावलं, "जुन्या मशीनमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा चालतो, म्हणून तापतो. यातला झपाझप पूर्ण चालू, पूर्ण बंद होतो. म्हणून थंड राहतो, वर्षानुवर्षं टिकतो!"

"चालू-बंद, चालू-बंद? म्हणजे आपल्या गावच्या लायटीसारखी म्हण ना!"

*

जुन्या ॲम्प्लिफायरवर भाऊ चहाचा ग्लास ठेवत. माझ्या मशीनवरही ठेवला. तासाभराने घोट घेतला आणि म्हणाले, "एवढी हुशार मशीन, अन् चहा थंडा!"

*

अड्याळच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली होती. नवरीच्या मामांनी ॲम्प्लिफायरवर हात ठेवला आणि पटकन वायर उपटली! मंडपात शांतता.

"मामाजी, काहून काढली?" भाऊ ओरडले.

"अरे, थंडी पडली ना! मेलेल्या मशीनले कायले करंट देऊन राहिले?"

*

त्यानंतर दोन घरच्यांनी आम्हाला नको म्हटलं. भाऊ म्हणाले, "गरम कर हिले. लोकायले भरवसा वाटला पाहिजे."

"भाऊ, थंड ठेवायलाच तर शिकून आलो!"

भाऊंनी ऐकलं नाही. मशीनच्या खोक्यात एक बल्ब बसवला. खोका छान तापला, तक्रारी थांबल्या!

*

हंगामातलं शेवटचं लग्न बपेऱ्याचं. निकाल बघायला बाबा स्वतः आले. वरात दारात, बँड थांबलेला, आमची गाणी फुल आवाजात. नेमका तेव्हाच खोक्यातला बल्ब गेला आणि खोका थंड पडला.

बाबांनी खोक्याला हात लावला, दुसऱ्या बाजूनेही लावून पाहिला. मग माझ्याकडे बघून हातवारे करत काहीतरी ओरडले. गाण्यापुढे एक अक्षर ऐकू येईना. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"बंद पडली तुही मशीन! जा आता मुंबईले!"

"काय म्हणता, बाबा?"

बाबा भडकले. "अबे, पहिले हा आवाज कमी कर, मंग सांगतो!"