वाचून दाखवणारा आवाज

धम्मप्रिया सरतापे हिला नवव्या वर्षी दिसायचं बंद झालं. आधी गोवर आला, मग डोळ्यांत फुलं पडली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आई नागूबाई विड्या वळायची. शेजारणी म्हणाल्या, पोरीला विड्या शिकव, बसल्या जागी पोट भरंल. नागूबाईनं कुणाचं ऐकलं नाही. तिला अंधशाळेत घातलं.

चोविसाव्या वर्षी अपंगांच्या राखीव जागेवर धम्मप्रियाला सोलापुरातल्या एका पाणीपुरवठा कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि टेलिफोनचा बोर्ड भिंतीवरून उतरवला गेला. तेव्हाचे साहेब चांगले होते. त्यांनी तिला कॉम्प्युटर दिला आणि पुण्याच्या कुणा एका गृहस्थांनी बनवलेला एक प्रोग्राम मागवून त्यात बसवला. पडद्यावरचं मराठी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाईचा आवाज होता, जरा नाकातला. 'ळ' म्हणता यायचा नाही तिला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर 'नल' आणि 'गलती' चालायचं. धम्मप्रियाला त्याची इतकी सवय झाली होती, की घरीही कधी कधी तोंडातून 'नल' निघायचं.

चौदा वर्षं तिनं ह्या आवाजाच्या जोरावर काढली. लोकांच्या तक्रारींना जाणारं प्रत्येक उत्तर तिच्या हातचं. तक्रार कुणीतरी तिला वाचून दाखवायचं, पुढचं सगळं ती करायची. साहेब बदलले, सह्या बदलल्या, पत्रं मात्र तिचीच राहिली. नवा कारकून आला की हेडक्लार्क त्याला सांगायचे, "मसुदा कसा लिहायचा ते त्या टेबलावर जाऊन शीक."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वरून आदेश आला. जुन्या विंडोजला आता कंपनी विचारत नाही, ती धोक्याची आहे, सगळ्या यंत्रांवर नवी घाला. ठेकेदाराचा माणूस शनिवारी, सुट्टीच्या दिवशी येऊन काम करून गेला. सोमवारी धम्मप्रियानं हेडफोन कानाला लावले, बटण दाबलं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

दुपारी ठेकेदाराचा माणूस परत आला.

"मॅडम, तुमचा प्रोग्राम नव्यावर चालत नाही. लई जुना हाय तो."

"मग पुण्याला फोन लावा की."

"लावला. बनवणारे वारले. मुलानं दुकान बंद केलंय."

"दुसरा काही नसतो का?"

"असतो. फुकटही मिळतो. पण बाहेरचं काही टाकायला वरची परवानगी लागते, मला तसा पासवर्डच दिला नाही. आणि एक सांगतो, तुमची जुनी पत्रं जुन्या फॉन्टातली. नवा प्रोग्राम त्यांना मराठी समजणारच नाही. एबीसीडी वाचत बसंल."

परवानगीचा अर्ज शेजारच्या टेबलावरच्या महानंदानं लिहून दिला. धम्मप्रियानं अंगठ्याच्या टोकाशी जागा धरून सही केली. अर्ज वर गेला. हेडक्लार्कनी तक्रारींचा गठ्ठा उचलून दुसऱ्या दोघांत वाटला. "थोडे दिवसच हो ताई," ते म्हणाले. "आराम करा. पगार काय थांबणार न्हाय."

महिना गेला. सकाळी साडेनऊला येऊन ती चालू यंत्रासमोर बसायची, संध्याकाळी उठायची. आजूबाजूच्या टेबलांवर बोटं चालताना ऐकू यायची. कोण चुकून मागं येतंय, कोण खोडतंय, हेही कळायचं. डबा खाताना महानंदा गप्पा मारायची, पण तिलाही काम असायचं.

शेवटी एका गुरुवारी धम्मप्रियाला राहवलं नाही. कुंभारी गावच्या रंभाबाई नावाच्या म्हातारीचा अर्ज आला होता. वस्तीवरची पाइपलाइन महिनाभर फुटकी, तीन अर्ज दिले, एकालाही उत्तर नाही. महानंदानं तो तिला वाचून दाखवला होता.

"हे उत्तर मी लिहिते," धम्मप्रिया म्हणाली. "आवाज नसला तर नसू दे. बोटांना ठाऊक हाय. तू फक्त बघ, मराठीवर हाय का?"

महानंदानं पडद्याकडं नजर टाकली. "हाय. मराठी अक्षरं उमटायलीत."

पाऊण तास धम्मप्रिया लिहीत होती. एकदाही अडली नाही. छापायची आज्ञा दिली, कोपऱ्यातल्या सामाईक प्रिंटरमधून कागद सरकल्याचा आवाज आला, तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

प्रिंटरपाशी कुणीतरी उभं राहिलं. मग एक दबलेलं हसू. मग एका मोबाइलची टिंग, लगेच दुसऱ्याची, तिसऱ्याची. खोलीभर फोन थरथरले. कुणी खोकल्याचं सोंग केलं. महानंदाचा फोनही वाजला.

"काय झालं ग?"

महानंदानं हात धरला. "ताई, नव्यात कीबोर्डावरच्या अक्षरांच्या जागा बदलल्यात. तुमी जुन्या जागांवर मारलंय. मला कळायला पायजे हुतं. नुसता काला झालाय, एक शब्द लागत न्हाय. आणि फोटो काढून ग्रुपवर..."

धम्मप्रिया उठली. भिंतीला हात लावत प्रिंटरपाशी गेली. "माझा कागद द्या." कुणीतरी हातात दिला. ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. हे साहेब नवे होते.

"साहेब, ह्या कागदावर काय लिहिलंय ते मी सांगते." आणि उभ्या उभ्या तिनं पत्र म्हणून दाखवलं. संदर्भ, विषय, तिन्ही अर्जांच्या तारखा, पाहणीला कोण कधी जाईल, विलंबाबद्दल दिलगिरी. एक ओळ इकडची तिकडं नाही.

"बाई, तुमची तळमळ समजते," साहेब म्हणाले. "पण असले कागद बाहेर गेले तर उत्तर मला द्यावं लागतं. परवानगी येईपर्यंत यंत्राला हात लावू नका."

हसणाऱ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. रंभाबाईला दुसऱ्या कुणीतरी दोन ओळींचं उत्तर धाडलं, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठविला आहे.'

घरी तिनं आईला काही सांगितलं नाही. नागूबाईनं ताट वाढलं, ती बोटांनी भात चिवडत बसली.

"कुणी बोललं का तुला?"

"न्हाय."

"मग जेव की."

परवानगी सात महिन्यांनी आली. नवा प्रोग्राम बसला. त्याचा आवाज पुरुषी, भरभर, कोरडा. पंधरा दिवसांत तिनं तोही कानात बसवला, अक्षरांच्या नव्या जागाही बोटांत बसवल्या. पण तोवर तक्रारींची उत्तरं एका संकेतस्थळावरून जायला लागली होती. त्यावरची बटणं नुसती चित्रांची, नाव एकालाही नाही. आवाज म्हणायचा, "बटण. बटण. बटण." तिनं मोजून पाठ केलं, उत्तराचं सातवं, पाठवण्याचं अकरावं. महिन्याभरात संकेतस्थळ बदललं, मोजणी चुकली, आणि एका शेतकऱ्याची तक्रार तिच्या हातून 'निकाली' म्हणून बंद झाली.

मग तिला आवक-जावकला बसवलं. पाकिटांवर शिक्के मारायचे. "त्याला काय डोळं लागत न्हाईत," हेडक्लार्क मायेनं म्हणाले.

पावसाळ्यात तिनं घरी, स्वतःच्या वाचून दाखवणाऱ्या मोबाइलवर, स्वतःच एक अर्ज लिहिला. संकेतस्थळाच्या बटणांना नावं द्यायला किती वेळ लागतो ते विचारून घेतलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढं करून मला माझं टेबल परत द्यावं, असं तिनं लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं.

साहेबांनी अर्ज वाचला. "चांगला लिहिलाय. कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिलाय."

"असं?" कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "ठेवून जा. बघू."

ती आपल्या जागेवर येऊन बसली. त्याला आता तीन महिने झाले.