धाकटीच्या गालाचा रंग

श्रीगोंद्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, काहीही असो, गिऱ्हाईक फोटो पाठवतं आणि वर एकच सांगतं: चेहरा उजळ करा. त्याची रीत ठरलेली. चेहऱ्यावर एक गोल ग्रेडियंट टाकायचा, मधे पांढरा आणि कडेला विरत जाणारा. दिवसभर उसात राबलेला माणूसही दुधात धुतल्यासारखा निघतो. गेल्या वर्षी एका मुलीची नर्सिंगला निवड झाली, स्टँडवर तिचा फ्लेक्स लागला. ती त्याच्याच खाली एसटीची वाट बघत उभी होती आणि शेजारची बाई तिलाच विचारत होती, ही कुणाची गं पोरगी?

यंदा माझी धाकटी बहीण पोलीस भरतीत निवडली गेली. तिचाही फ्लेक्स लावायचं ठरलं आणि आमचे चुलते, तात्या, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. फोटोत ती होती तशी होती, सावळी, त्यात उन्हाने रापलेली. कॅनॉलच्या कडेने रोज धावून मिळवलेला रंग तो. तात्या म्हणाले, गोरी कर, लग्नाचं बघायचंय, स्टँडवर लई लोक बघत्यात. माझं डोकंच फिरलं. धावली ती आणि लाज वाटणार यांना.

मी स्क्रीनवरचा रंग टिपायचा ड्रॉपर उचलला आणि फोटोत तिच्या गालावर टेकवला. जो रंग आला तोच चेहऱ्यामागच्या ग्रेडियंटच्या पहिल्या टोकाला ठेवला, दुसऱ्या टोकाला हळदीचा पिवळा. मधे मळकट पट्टा दिसायला लागला, म्हणून तिथे एक शेंदरी ठिपका वाढवला आणि तो जमेपर्यंत इकडेतिकडे सरकवत बसले. आता अख्खा फ्लेक्स तिच्या गालापासून सुरू होत होता.

"चेहरा राहिला की," तात्या मागून म्हणाले.

"चेहरा झालाय, तात्या. तो बदलला तर मागचं सगळंच बदलावं लागेल. आणि ते मी करणार नाही."

"लोक काय म्हनतील?"

"ओळखतील."

तात्या बिनसाखरेचा चहा प्यायल्यासारखं तोंड करून निघून गेले. मी लगेच प्रिंट सोडली, म्हटलं, पुन्हा कुणी यायला नको.

फ्लेक्स लागल्यावर धाकटी स्टँडवर उतरली. पेरू विकणाऱ्या म्हातारीने वर बघितलं, मग तिच्याकडे. "तूच की गं ती," म्हणत तिने दोन पेरू धाकटीच्या हातात कोंबले. तात्या शेजारीच होते. छाती फुगवून म्हणाले, "आमचीच हाय. फोटो मीच दिल्ता."

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच्या वाढदिवसाचा फोटो घेऊन दुकानात आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी फोटो स्क्रीनवर घेतला, ड्रॉपर उचलला आणि त्यांच्या गालावर टेकवला.