चिंचेच्या पाण्यातली नथ

पानशेतचं धरण फुटलं त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, उन्हाळ्यात माझं लग्न झालं. लग्नाचं विचारलं की बायका शालूचं सांगतात, पंगतींचं सांगतात, कोण कसं रुसलं होतं ते सांगतात. मला आठवते ती भीती. नवऱ्याची नव्हे, त्याला तर मी धड पाहिलंही नव्हतं. भीती नथीची होती.

माझं माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं. मळ्यात वांगी, गवार आणि बांधाच्या कडेनं झेंडू. घरात सोनं म्हणजे आईच्या गळ्यातलं डोरलं, बस्स. मोती आमच्याकडे कुणी हातात धरलेला नव्हता. सासर मिळालं दौंडचं, सासरे रेल्वेत नोकरीला. साखरपुड्याला सासूबाई आपली नथ लाल कापडात गुंडाळून घेऊन आल्या.

"पोरीच्या नाकाला बसती का बघून ठेवा. आकडी सैल-घट करायची तर करून घ्या," त्या आईला म्हणाल्या. "आमच्यात नवरी हीच नथ घालून उभी राहती."

नथ त्यांच्या सासूची, आणि त्याआधी तिच्या सासूची. सात मोती, त्यातला मधला हरभऱ्याएवढा, आणि एक लाल खडा. ती घरात आल्यापासून आई धान्याच्या कणगीत हात घालून दिवसातून दहादा चाचपून बघायची. मी हसायचे. पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणाला ठाऊक होतं!

लग्नाला आठवडा राहिला आणि आईनं भांडी घासायला काढली. पाहुणे येणार, तर हंडे-घागरी लख्ख हव्यात. परसात चिंच भिजत घातली होती. आईला नथ आठवली. तिची तार जुनी, चांगलीच काळवंडलेली. सोनं रिठ्यानं धुतात हे आईला माहीत होतं, पण इतकं काळं रिठ्याला कुठं दाद देतंय, असं तिला वाटलं. काळं पडलं की चिंच, हे तिचं साधं शास्त्र. तिनं वाटीत चिंचेचा दाट कोळ घेतला, त्यात नथ बुडवली आणि हंडे घासायला बसली. सगळी भांडी उन्हात पालथी घालून झाली, तेव्हा कुठं तिनं वाटीकडे पाहिलं.

तार झळकत होती. मोती मात्र खडूच्या गोळ्यांसारखे पांढरेफटक पडले होते. फक्त मधला मोठा मोती पहिल्यासारखा होता.

आईनं आधी ते पाण्यानं धुतले, मग पदरानं पुसले, मग तेलाचं बोट लावलं. काही होईना. मग ती परसातच मटकन बसली. "मोती बदललं म्हणतील गं," एवढंच म्हणत राहिली. मलाही तेच वाटत होतं. मोती खराब झाले म्हणून कुणी लग्न मोडलं नसतं. पण खरे काढून खोटे घातले असं म्हटलं, तर चोराच्या घरची पोरगी हे नाव घेऊन मला जन्म काढावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी आई, माझे वडील आबा आणि मी शिरूरला गेलो. तिथं बाजारात एक म्हातारे पटवेकरी होते. मुसलमानाचं जुनं घर. आसपासच्या गावांतले मणी, मोती, पुतळ्या रेशमात गाठून द्यायचं काम त्यांच्याकडेच. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी नथ उजेडात धरली आणि वर न बघताच विचारलं, "चिंच?"

"व्हय मामा," आई पुटपुटली.

"मोती म्हंजी दगड न्हवं बाई. समिंदरात शिंपल्यात बारीक कायतरी घुसतं, आतल्या जिवाला टोचतं. त्याला ते काढता येत न्हाई. मग त्यो आपल्या अंगचा रस त्याच्यावर चढवत बसतो. एक पापुद्रा, त्याच्यावर दुसरा. वरसं जात्यात त्यात. आंबट लागलं की वरचा पापुद्रा गेला."

"परत न्हाई का चमक यायची?"

"वरचं सोलून खालचा पापुद्रा काढणारी माणसं हायती मुंबईला. पण मोती बारीक हुतो, आन् वेळ बी लागतो. लगीन कवा हाय?"

आबांनी वार सांगितला. मामांनी नकारार्थी मान हलवली.

आई उसनं हसू आणून म्हणाली, "मोठा तेवढा वाचला बघा. देवाचीच किरपा."

मामांनी मोठा मोती आपल्या उरलेल्या एका दातावर हळूच घासला. मग बाकीचे एकेक करून घासले. मग नथ माझ्या हातात दिली. "तू बघ पोरी. खरा खरखर लागतो."

मी बघितलं. लहान मोती दाताला बारीक रेतीसारखे लागत होते. मोठा गुळगुळीत, बांगडीच्या काचेसारखा.

"ह्यो वाचला, कारण ह्यो मोतीच न्हाई," मामा म्हणाले. "काच हाय. चिंच खऱ्याला लागती, काचंला काय हुतंय?"

आबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी त्यांचीच नथ खोटी!"

"आवं, गप बसा!" आई कडाडली. "त्यांच्या तोंडावर तुमचा दागिना खोटा म्हणून सांगणार? आपल्या घरात आल्यावर बदलला म्हणतील. सहाचं निस्तरताना नाकी नऊ आल्यात, आता सातवा बी आपल्याच गळ्यात!"

मग आईनं जे विचारलं, त्याचं मला आजही हसू येतं आणि रडूही. ती म्हणाली, "मामा, काच बी विटकरीवर जरा घासून टाका की. सगळंच सारखं दिसतील."

मामांनी आकडी नीट केली, तांदळाच्या पिठानं मोती हलके पुसले आणि नथ कापडात बांधून दिली. "असलं काम मी करत न्हाई," एवढंच बोलले.

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आबा रोज दौंडला जाऊन सगळं सांगून यायला निघायचे आणि आई रोज त्यांची टोपी लपवायची. हळद लागली तेव्हा बायका म्हणाल्या, पोरगी लाजून पिवळी पडली. मी भीतीनं पिवळी पडले होते.

वऱ्हाडाचा ट्रक दौंडला पोहोचला. रेल्वेच्या चाळीपुढे मांडव होता. मला नेसवून झालं आणि आईनं थरथरत लाल कापड सोडलं. सासूबाईंच्या शेजारी त्यांची नणंद उभी होती. सगळ्या घरावर तिचा वचक आहे हे मला आधीच कळलं होतं. तिनं नथीवर नजर टाकली आणि ओरडली, "वैनी, ही आपली नथ न्हवं! मोती बदलल्यात!"

बायका गोळा झाल्या. आई चिंच, हंडे, वाटी असं काहीबाही सांगू लागली, पण तिचं कुणी ऐकेना. "दाताला लावून बघते, आत्ता कळंल," म्हणत नणंदेनं हात पुढे केला.

त्याआधी सासूबाईंनी नथ उचलली. "वन्सं, माझी नथ हाय. मीच बघते."

त्यांनी पहिला मोती दातावर घासला. "खरा." दुसरा. "खरा." त्या मधल्या मोठ्या मोत्यापाशी आल्या. त्यांनी तो दाताला लावला, क्षणभर तसाच ठेवला, आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "खरा."

ती काच कुणी बसवली होती ते मला तिथंच कळलं. का बसवली, तो मोती कुठल्या अडचणीत गेला, ते मी पुढे कधीच विचारलं नाही. त्या घटकेला मात्र मला संताप आला. आमच्या घरात आठवडाभर कुणाला झोप नव्हती, माझी आई वाळून निम्मी झाली होती, आणि या बाईला सगळं माहीत होतं! एक शब्द बोलले असते तर आई त्या मांडवातच सुटली असती.

मी वर पाहिलं. नथ धरलेला त्यांचा हात माझ्या आईच्या हातापेक्षा जास्त कापत होता. नणंद अजून शेजारीच उभी होती.

"आंबट लागून रंग गेलाय, दुसरं काय न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग वाकून माझ्या नाकात नथ घालताना त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "सगळं मोती खरं हायती. व्हय का न्हाई गं?"

सासूशी मी बोललेला पहिला शब्द तोच.

"व्हय," मी म्हणाले.