साडूच्या बाजूचं शिसं

मोठ्या डॉक्टरांनी माझा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला, हिरडीवर बॅटरीचा उजेड टाकला आणि शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावलं. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती म्हणे. "लेड पॉयझनिंग," ते म्हणाले. म्हणजे शिशाची विषबाधा. मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या पोटात शिसं गेलं कसं?"

माझा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. मनगट उचलणारी नस कामातून जाते. मी टेलर आहे, नंदनवन नावाच्या वस्तीत माझं दुकान आहे. कात्री उचलता येणार नसेल तर माझं पुढे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही मी तोंड उघडलं नाही. कारण खाटेशेजारच्या स्टुलावर माझे साडू नामदेवराव बसले होते, मांडीवर माझाच जेवणाचा डबा घेऊन.

असं दुखणं कुणाच्या वाट्याला आलं तर त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये, म्हणून हे सगळं लिहितो आहे. लाज वाटते, पण लिहितो.

सुरुवात शुगरपासून झाली. दिवसभर मशीनवर बसून माझं पोट सुटलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रोज तासभर चाला म्हणून बजावलं. मी चाललो नसतोच. पण बायकोनं, कुसुमनं, त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं की उद्यापासून नामदेव भाऊजींसोबत जायचं. भाऊजी बघा कसे ताठ चालतात, हेही ती वर म्हणाली.

नामदेवराव म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, पण पोट सपाट, दात सगळे शाबूत. उमरेड रोडवरच्या एका गॅरेजात मेकॅनिक. आमच्या सासूबाईंच्या लेखी जावई म्हणजे नामदेवरावच. मी आपला कुसुमचा नवरा. पंगतीत तुपाची वाटी आधी त्यांच्याकडे जायची. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा कुसुम आठवडाभर रोज तिकडे जेवण आटोपून जायची, आणि मी घरी एकटा बसून धुसफुसायचो. खोटं कशाला बोलू? माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट नव्हता, म्हणूनच जास्त जळायचो.

सकाळी आम्ही उमरेड रोडला लागून हुडकेश्वरच्या दिशेनं चालायचो. वाटेत जकात नाका होता. तिथे ट्रकांवरचे सील तोडून टाकत. तारेत ओवलेली बोराएवढी शिशाची गोळी असायची. पुढे बॅटरी दुरुस्त करणाऱ्यांच्या टपऱ्या होत्या. त्यांच्यासमोर बॅटरीच्या मुंड्या, म्हणजे तारा जोडायच्या शिशाच्या खुंट्या, आणि शिशाच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नामदेवरावांनी वाकून एक गोळी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. केवढीशी गोळी, पण वजन बघून मी चाट पडलो.

माझ्या डोक्यात लगेच आलं, कापड कापताना टेबलावर दाबून ठेवायला यासारखं काही नाही. मी ते बोलून दाखवलं आणि चूक केली. त्या दिवसापासून नामदेवरावांनाही नाद लागला. भराभर चालता चालता त्यांना शिसं दिसायचं. मी धापा टाकत मागून यायचो आणि मला दिसायचे खडे.

शेवटी आम्ही रस्ता वाटून घेतला. डावी कड त्यांची, उजवी माझी. जाताना हेरून ठेवायचं, परतताना वेचायचं. परतताना चहाच्या टपरीवर दोघांनी खिसे रिकामे करायचे आणि ढिगारे शेजारी शेजारी ठेवायचे. त्यांचा ढीग रोज मोठा. त्यातले दोन तुकडे ते रोज माझ्या ढिगात सरकवायचे. "घे गा मास्तर, तुह्या कामाचं आहे," म्हणायचे. तो त्यांचा मोठेपणा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

मग मी जाताना मागे रेंगाळू लागलो आणि त्यांच्या बाजूचं आधीच उचलू लागलो. खिशात टाकलं तर टपरीवर दाखवावं लागणार, आणि डाव्या बाजूची एखादी मोठी मुंडी त्यांनी जाताना पाहिलेली असली तर? म्हणून मी ते तोंडात ठेवायचो. टेलरचं तोंड म्हणजे तिसरा खिसा. टाचण्या, बटणं, दोऱ्याचं टोक, सगळं आयुष्यभर गालातच. गालात दोन गोळ्या ठेवून मी घरापर्यंत हुं हुं करत यायचो. चव गोडसर लागायची. दुकानाच्या मागच्या खोलीत, कुणाला धूर दिसू नये म्हणून दार लावून, लोखंडी पळीत ते वितळवायचो आणि डब्याच्या झाकणात ओतायचो. अशा सात वड्या झाल्या होत्या. त्या मोजताना मला फार बरं वाटायचं.

एकदा नामदेवराव अचानक थांबून मागे वळले आणि आज एवढा गप्प काहून म्हणून विचारलं. मी दचकलो आणि गोळी गिळली गेली. महिन्याभरानं पुन्हा तसंच झालं. जाईल आपली बाहेर, म्हणून मी विसरून गेलो.

पुढची लक्षणं नीट सांगतो, कारण ती ओळखायला हवीत. आधी शौचाला साफ होईना. मग बेंबीभोवती पिळवटून कळा येऊ लागल्या. दुखत असताना पोट दाबलं की उलट बरं वाटे. चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसू लागलो. एकाची पँट मी दोनदा आखूड केली आणि वर त्यालाच सुनावलं. कुसुमनं हिंग दिलं, एरंडेल दिलं. चोरी सुरू केल्यापासून चार महिन्यांनी एका दुपारी कळ इतकी जोरात आली की मी कटिंगच्या टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन पडलो. सरकारी दवाखान्यात नामदेवरावांनीच नेलं.

पहिले दोन दिवस तोंडानं काही द्यायचं नाही, असा हुकूम होता. अपेंडिक्स असेल का, आतड्याला पीळ पडला असेल का, अशी चर्चा खाटेशी चालायची. ऑपरेशनच्या कागदावर कुसुमची सही घेऊन ठेवली होती. एक्स-रेत पोटात दोन पांढरे ठिपके आले. तरुण डॉक्टरांनी विचारलं, काही गिळलं होतं का? नामदेवराव समोरच उभे. मी म्हणालो, टेलर आहे साहेब, धातूची बटणं असतील. त्यांना ते पटलं. मलाही स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

वॉर्डात नामदेवराव दोन दिवसांत सगळ्यांचे झाले. बंद पडलेला पंखा त्यांनी सुरू करून दिला. सिस्टर त्यांना मामा म्हणायला लागली आणि मला खाट नंबर अकरा. आजारी मी, आणि आल्यागेल्यांची विचारपूस त्यांच्याशी. पोटातली कळ थांबली की मी तेवढंच बघत पडायचो.

चौथ्या सकाळी पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला तर पंजा वर येईना. दुसऱ्या हातानं उचलून धरला, सोडला, पुन्हा खाली. तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं, आणि त्यांनी माझी हिरडी पाहिली.

मी उत्तर देत नाही हे बघून ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "यावर औषध आहे. ते रक्तातलं शिसं धरून लघवीवाटे काढतं. पण आतड्यात शिसं शिल्लक असताना दिलं तर तेच शिसं रक्तात जास्त शिरतं. हात गमवायचा नसेल तर खरं सांगा. ते दोन ठिपके बटणंच आहेत ना?"

 तेवढ्यात नामदेवराव उठले. डबा स्टुलावर ठेवून त्यांनी हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, चूक माही आहे. रस्त्यावरचं शिसं वेचाची सवय मीच लावली याले. जे बोलाचं ते मले बोला."

खाटेच्या पायथ्याशी उभ्या कुसुमचे डोळे भरून आले. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की माझ्याकडे लग्नातसुद्धा तशी बघितली नव्हती. डॉक्टरांनीही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तुमचा काही दोष नाही म्हणाले. हात माझा लुळा पडलेला, पाप माझं, आणि मोठेपणा पुन्हा त्यांचाच! ते मात्र मला सहन झालं नाही.

"बटन नाही ते," मी म्हणालो. "शिसंच आहे. भाऊजीच्या बाजूचं. मी चोरून तोंडात लपवत होतो. दोनदा गिळल्या गेलं."

डॉक्टर एकदम उठले आणि सिस्टरला एनिमाचं सांगत निघून गेले.  नामदेवराव स्टुलावर बसायला गेले, डबा आहे हे विसरून त्यावरच टेकले, पुन्हा उठले. आता हा माणूस मला शिव्या देणार आणि निघून जाणार, असं मी धरून चाललो होतो.

"म्हणजे माहे डोळे ठीक आहेत?" ते म्हणाले.

 ते खाली बघून हळूच बोलत होते. "चार महिन्यांपासून माह्या बाजूले काही भेटून नाही राहिलं. मले वाटलं नजर गेली. गॅरेजात कोणाले सांगितलं नाही, कामावरून काढतील म्हणून. अन् तुह्यावर इतका जळून राहिलो होतो मास्तर, की एक दिवस तुह्यासंगं चालाचं बंद करणार होतो."

 आयुष्यात एकदा तो माणूस माझ्यावर जळला, चांगला चार महिने जळला, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

दोन दिवस पोट धुऊन काढलं. पुन्हा एक्स-रे, ठिपके गेले. मग सलाईनमधून औषध पाच दिवस, थोडी विश्रांती, पुन्हा पाच दिवस. याला चिलेशन म्हणतात. शिसं किती बाहेर पडतं हे बघायला चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवतात. तो कॅन टॉवेलखाली झाकून नामदेवरावच प्रयोगशाळेत पोचवायचे. हात वर धरून ठेवायला मनगटाखाली फळी बांधली होती, म्हणून घासही तेच भरवायचे. डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासलं. उचललं की ते नळावर हात धुवायचे, त्यामुळे काही निघालं नाही. मला तेही लागलंच.

तुमच्यापैकी कुणी भंगारात, बॅटरीत, छापखान्यात शिशाशी खेळत असेल तर हात धुवा, तोंडाला लावू नका, बंद खोलीत वितळवू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. खाटेशी कुणी नको असेल तर त्याला चहा आणायला पाठवा आणि मग सांगा. लाज परवडली, पण हात गेला तर तो कुणी शिवून देत नाही.

फळी सुटली तरी पंजा लोंबतच होता. नस परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज सकाळी हात टेबलावर ठेवून मी तो उचलायचा प्रयत्न करायचो. दुकानाला दोन महिने कुलूप होतं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बोटं आधी हलली, आणि मग मनगट टेबलापासून वर आलं. फार नाही, खालून दोन बोटं जातील एवढं. कुसुम आत चहा करत होती. तिला हाक न मारता मी बनियनवरच दोन गल्ल्या ओलांडून नामदेवरावांच्या दारात गेलो आणि हात पुढे धरला.

ते वाकून बघत राहिले. "पुन्हा उचल," म्हणाले. मी उचलला. मग ते पायरीवर बसले आणि ढसाढसा रडायला लागले. माझ्या हातासाठी ते माझ्याआधी रडले. मला त्याचाही हेवा वाटला, आणि तसाच तिथे उभा राहून मी त्यांना पुन्हा पुन्हा हात उचलून दाखवत राहिलो.