ताईंच्या बोटावरची चिप

माझ्या साडूंचा देवावर विश्वास आहे, पण तापमान घेतल्याशिवाय ते देवालाही नमस्कार करणार नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मांडवीच्या घरात एका काळ्या, तीन पायांच्या, तुरीच्या दाण्याएवढ्या चिपेचं राज्य आहे. जिथे लावाल तिथलं तापमान ती थेट आकड्यात सांगते. साडूंनी ती विरजणात, आंब्याच्या आढीत, तुळशीच्या कुंडीत खुपसली आहे, आणि एकदा जेवून आडवा झालो असताना माझ्या काखेतसुद्धा. पहिल्या सर्किटमध्ये त्यांनी ती व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटरला खेटून बसवली. रेग्युलेटर तापायचा, चिप इमानेइतबारे त्याचाच ताप सांगायची, आणि साडू भर पौषात पडद्यावरचे एकेचाळीस अंश वाचून उघडेबंब पंख्याखाली बसायचे. समोर मी शाल पांघरून. थंडी वाजणं हा माझा भ्रम आहे, असं त्यांनी मलाच ऐकवलं. चूक कळल्यावर वरमतील तर ते साडू कसले! चिप लांब तारेवर नेली आणि ती रेग्युलेटरपासून दूर का ठेवावी, यावर माझा चहा निवेपर्यंत व्याख्यान दिलं.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, अर्धांगाचा झटका येऊन गेला. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. हात हळूहळू हलू लागला, पण उजव्या हाताला गार-गरम काही कळेना. घावन उलटताना बोटं तव्याला टेकली, आणि वास आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. साडूंनी त्याच दिवशी त्यांना स्वयंपाकघर बंद केलं आणि स्वयंपाकाला बाई लावली. ताई भांडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी बोलणंच कमी केलं. पानावर बसायच्या, चिवडल्यासारखं करायच्या, उठायच्या. त्या घरी जायला माझा पाय उचलेना.

मग साडूंनी तव्याच्या दांड्याला, अंघोळीच्या बादलीला, चहाच्या भांड्याला चिपा लावल्या. पंचेचाळीसच्या वर गेलं की भोंगा. तवा शेगडीवर आहे तोवर भोंगा वाजणारच, हे काही त्यांना सुचलं नाही. ताईंनी तो तारेसकट उपटला.

"मेल्याने अख्ख्या मांडवीला सांगितलंन, हिचा हात गेला म्हणून," त्या म्हणाल्या. "मला कळू दे. लोकांना कशाला?"

व्याख्यान सोडून साडू सुईदोरा घेऊन बसले. त्यांनी पातळ कापडाची टोपी ताईंच्या उजव्या तर्जनीसाठी स्वतः शिवली आणि आत चिप ठेवली. जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढून डाव्या मनगटाच्या पट्ट्यात बसवली. चिपेला तापायला जरा वेळ लागतो, म्हणून बोट आधी जवळ नेऊन थांबायचं, हे ताईंकडून घोटवून घेतलं. गरम काही आलं की डावं मनगट थरथरायचं, आणि ते ताईंशिवाय कुणाला कळत नसे. स्वयंपाकाची बाई गेली. ताई पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या. पहिलं घावन फाटलं, ते मला वाढलं, आणि मी आणखी मागितलं.

परवा माघात गेलो तेव्हा साडू त्या पट्ट्याचा प्रोग्राम दाखवत होते. पंचेचाळीसला जोराची थरथर, हे समजलं. पण चौतिसाला एक हलकीशी होती. चौतिसाने कोण भाजतं, ही कशाला, म्हणून मी विचारलं.

साडू खाली बघत म्हणाले, "ते माणसाचं आहे."

मी म्हटलं, अहो, मे महिन्यात इथली हवाच चौतीस होते, पट्टा दिवसभर थरथरत बसेल.

"मेचं मेमध्ये बघू."

तेवढ्यात ताई कपबश्या न्यायला आल्या. जाता जाता त्यांनी टोपी घातलेला उजवा हात साडूंच्या मानेवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांची नजर डाव्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेली; ती हलकी थरथर आली असणार. साडूंनी मान वर केली नाही, आणि ताईंनी हात काढला नाही. कपबश्या उचलून मीच आत गेलो आणि बराच वेळ विसळत राहिलो.